अर्धा अँटेना जमिनीत

लोहारा आणि उमरगा तालुक्यांतून फिरताना काही गावं लांबूनच ओळखू येतात. रुंद, सरळ रस्ते, प्रत्येक घराभोवती सोडलेली मोकळी जागा, ठेंगणी स्लॅबची घरं. १९९३च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेली ही गावं. त्यांतल्या एका गावी, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लोखंडी पाइप बांधून त्यावर अडीच मीटरची पांढरी काठी चढवण्याचं काम चाललं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने सायकल थांबवून विचारलं, "काय बांधायलाव सर? नेट का?"

नेट नव्हतं आणि टीव्हीही नव्हता. ती हॅम रेडिओची काठी होती. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'संपर्क' हा विषय दिला, तेव्हा संपर्क माणसाच्या हाताने बांधताना कसा दिसतो ते बघावं, असं मला वाटलं. म्हणून मी धाराशिव जिल्ह्याच्या या टोकाला आलो.

घरमालक निवृत्त विज्ञानशिक्षक. गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही. त्यांच्या मदतीला वीज मंडळातून निवृत्त झालेले एक लाइनमन होते, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सुट्टीला आलेली सरांची नात वही-पेन घेऊन हजर होती. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून स्वतःचं बिनतारी केंद्र चालवणारा हौशी माणूस. त्याच्या आणि समोरच्याच्या मध्ये मोबाइल कंपनी नसते, टॉवर नसतो, इंटरनेट नसतं. इकडचा अँटेना, तिकडचा अँटेना आणि मध्ये हवा.

पहाटे ३:५६

या भागात असल्या हौशीकडे नुसती हौस म्हणून बघता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती. किल्लारी लातूर जिल्ह्यात. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी इकडे, तेव्हाच्या उस्मानाबादेत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर टाकलेलं माळवद ही इथली घराची रीत. उन्हाळ्यात गारवा देणारं ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं जागा बदलून नव्याने बांधावी लागली.

भारतात मोबाइल आला १९९५मध्ये. त्या पहाटे बाहेर निरोप पोचवायला होते मोजके टेलिफोन, पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि रस्त्याने निघालेली माणसं. मग हॅम चालकांची पथकं भूकंपग्रस्त भागात आली. पुढे २००१मध्ये भूजलाही तशीच पथकं गेली. डिसेंबर २००४मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम चालक आपल्या चमूसह योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होत्या. अंदमानचा देशाशी संपर्क तुटला असताना त्यांच्या केंद्रावरून निरोप जात-येत राहिले.

या गोष्टी हॅम मंडळी अभिमानाने सांगतात. सर मात्र त्यांतला एक अडचणीचा भाग दाखवतात. "पथकं बाहेरून आली. येईपर्यंतचा वेळ गावाचा होता. त्या वेळात बोलायला गावातच कुणीतरी बसलेलं पाहिजे, आणि त्याचा खांब आधीपासून उभा पाहिजे."

डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढं

पांढऱ्या काठीवरून जे बोलणं होतं ते १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथल्या लहरीची लांबी साधारण दोन मीटर, म्हणून हॅम त्याला 'टू मीटर' म्हणतात. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाच्या थोडं पुढं जाऊन संपतात. सरांनी नातीकडून हिशेब करून घेतला: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, ४.१२ने गुणायचं, येतील तितके किलोमीटर. नऊ मीटर उंचीला सव्वाबारा-साडेबारा. समोरच्याचं क्षितिज यात मिळवायचं. तो हातात संच धरून रस्त्यावर उभा असेल, तर त्याचे पाच.

"उंची दुप्पट केली तर?" मी विचारलं.

"दुप्पट होत नाही आजोबा, वर्गमूळ आहे ना," नात मला सोडून आजोबांनाच म्हणाली. अंतर दुप्पट करायचं तर उंची चौपट हवी. घरमालकाचे पैसे आणि अण्णांचे गुडघे दोन्ही त्याच्या कितीतरी आधी संपतात.

म्हणून पाइपची लांबी वाढवण्यापेक्षा जागा निवडण्यात शहाणपण असतं, आणि त्या बाबतीत धाराशिव जिल्हा नशीबवान आहे. बालाघाटचं पठार या जिल्ह्यातून जातं आणि तुळजापूरजवळ ते सोलापूरच्या सपाटीकडे एकदम उतरतं. कड्यावरच्या साध्या खांबालाही घाटाची सगळी उंची फुकट मिळते. खालच्या सपाटीपासून दीडशे मीटर धरले, तरी क्षितिज पन्नास किलोमीटरवर जातं. सोलापूर त्याच्या अलीकडेच आहे. याउलट तेरणाकाठची ही गावं खोलगट भागात. इथून थेट फार लांब जाता येत नाही. कड्यावरचा एखादा हॅम मध्ये बसून निरोप पुढे देऊ शकतो. नकाशात तालुके दिसतात. हॅमला त्याच नकाशात चढ-उतार दिसतात.

तुळजापूरचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला तिथे सोलापूरकडून, कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. अशा गर्दीत मोबाइल हातात असतो आणि लागत नाही. बंगालमध्ये गंगासागरच्या मेळ्यात हॅम मंडळी वर्षानुवर्षं चुकलेल्या यात्रेकरूंची घरच्यांशी गाठ घालून देतात. ते काम इथेही होण्यासारखं आहे.

काठी उभीच का

अँटेना आडवाही असतो. मग हा उभा का? कारण जीपमधला, हातातला, मोटारसायकलीवरचा प्रत्येक संच उभ्या अँटेनावरच बोलतो. पाठवणारा उभा आणि ऐकणारा आडवा असला, तर संदेशाचा फार मोठा भाग वाया जातो. दुसरं, उभी काठी कुठल्याही एका दिशेला तोंड करत नाही. संकटात हाक उमरग्याकडून येईल की लोहाऱ्याकडून, ते आधी कुणाला माहीत असतं?

तिच्या लहरी पसरतात त्याचा आकार मेदूवड्याचा. काठी मधल्या भोकातून गेलेली, वडा तिच्याभोवती. वर आकाशाकडे भोक असल्यामुळे तिकडे जवळपास काही जात नाही. महागड्या काठ्यांमध्ये अनेक तुकडे एकावर एक जोडलेले असतात. त्यामुळे तोच वडा दाबून चपटा आणि रुंद होतो. शक्ती वाढत नाही, वर-खाली वाया जाणारी आडवी पसरते.

अण्णांचं खातं

हे सगळं पुस्तकात मिळतं. छतावर मात्र अण्णांचं राज्य होतं. त्यांनी सर्वात आधी वर न बघता रस्त्याकडे बघितलं. विजेच्या तारा घरापासून किती लांब? पाइप उचलताना हातातून सुटला आणि कुठल्याही बाजूला आडवा पडला, तरी तारेला लागता कामा नये. त्यावर आणखी निम्मं अंतर मोकळं पाहिजे. गावातून जाणाऱ्या तारेत अकरा हजार व्होल्ट असू शकतात आणि अँटेना उभारताना सर्वात जास्त जीव याच चुकीने जातात. मग त्यांनी वारा बघितला. वारं सुटलं असेल तर काम उद्या.

स्लॅबला भोक पाडायला त्यांनी साफ नकार दिला. "भोक आज पाडशाल, गळती जन्मभर." पाइप जिन्याच्या खोलीच्या भिंतीला, दोन जाड क्लॅम्पमध्ये अंतर ठेवून आवळला. वर तीन ताण, एकशेवीस-एकशेवीस अंशांवर. नायलॉनची दोरी त्यांनी बाजूला फेकली: उन्हाने ती दोन उन्हाळ्यांत कुजते आणि नेमकी आषाढाच्या वाऱ्यात तुटते. वाशी, भूम, कळंबकडच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. स्टे वायर, टर्नबकल, मध्ये चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर. हे सगळं अण्णांच्या हातात आयुष्यभर खेळलेलं. ताण आवळताना ते टर्नबकलला हात लावायचे, तारेला टिचकी मारून ऐकायचे आणि पुढच्या ताणाकडे जायचे. "पोल उभा करणं अवघड न्हाई. उभा ठेवणं अवघड हाय."

वानरं हा वेगळा विषय. येडशीच्या रामलिंग जंगलाच्या आसपास किंवा तुळजापुरात डिश टीव्हीच्या छत्रीचं जे होतं ते अँटेनाचंही होतं. त्यावर खात्रीचा उपाय नाही. पाइप गुळगुळीत ठेवायचा, केबल लोंबकळू द्यायची नाही आणि एक सुटा तुकडा घरात ठेवायचा.

केबलची कंजुषी मात्र वानरांपेक्षा जास्त नुकसान करते. बारीक काळी आरजी-५८ स्वस्त मिळते. पण या पट्ट्यात तिच्या तीस मीटरमध्ये सुमारे तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच उष्णता होऊन संपते. जाड आरजी-२१३ निम्मी तरी वर पोचवते. सरांनी संच जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवला तो याचसाठी, केबल छोटी राहावी म्हणून. जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळली आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोळापाशीच गळून पडेल. ज्या जोडात पाणी शिरलं तो बाहेरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो.

काळी माती, मुरूम, पाषाण

आता परसात. इथे सरांनी दुसरा उभा अँटेना केला होता, सात मेगाहर्ट्झचा, देशभर बोलण्यासाठी. हा पट्टा चाळीस मीटर लहरीचा. तिचा चौथा भाग दहा मीटर, म्हणून वेळूचे दोन बांबू जोडून त्यावर दहा मीटर तांब्याची तार सरळ वर चढवलेली. कापताना तार थोडी लांब ठेवायची आणि मोजत मोजत छाटायची. छाटलेलं परत जोडायला जीवावर येतं.

बघणाऱ्याला वाटतं, तार झाली, अँटेना झाला. पण चौथाई लहरीची उभी तार हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा खालच्या जमिनीने पुरवायचा असतो. तारेत वर जाणारा प्रवाह जमिनीतून परत यायला वाट शोधतो आणि माती त्याला सुखासुखी वाट देत नाही. म्हणून बुडापासून सगळीकडे तारा पसरतात. त्यांना रेडिअल म्हणतात. चार टाकल्या तर काम चालतं, सोळा टाकल्या तर चांगलं चालतं, बत्तिसांनंतर कष्ट वाढतात आणि फायदा घटत जातो.

इथे जिल्ह्याची जमीन हिशेबात येते. ओली काळी माती प्रवाहाला बऱ्यापैकी वाट देते. पावसाळ्यात सरांचा अँटेना खूश असतो. फाल्गुन-चैत्रात हीच माती वाळून भेगाळते. भेग रुंदावली की तिच्यावरून ताणून नेलेली तार तुटू शकते, म्हणून तारा सैल टाकाव्या लागतात. माळावरच्या मुरमात आणि खालच्या काळ्या पाषाणात तर वाहकता आणखी कमी. तिथे तारांची संख्या वाढवावी लागते. शेतात टाकाव्यात तर सोयाबीनच्या पेरणीला रोटाव्हेटर फिरला की तुकडे. म्हणून सरांनी बांधाच्या कडेने आणि अंगणाच्या फरशीखालून वाट काढली. सगळ्या तारा सारख्या लांबीच्या नाहीत, आणि मातीवरच्या रेडिअलना तसं असण्याची गरजही नसते.

मग मोजणी. केबलमधून गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते ते दाखवणारं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. एकास एक उत्तम, एकास दीडपर्यंत ठीक. खिशात मावणाऱ्या नॅनोव्हीएनए यंत्रावर नातीने आकडा वाचला: एकास एक पूर्णांक चार. मी अभिनंदन केलं. सर म्हणाले, "आकड्यावर जाऊ नका. आधी फक्त चारच तारा होत्या, तेव्हा एकास एक यायचा."

हे कोडं त्यांनी वहीत सोडवून दाखवलं. चौथाई लहरीच्या तारेचा स्वतःचा रोध सुमारे ३६ ओहम. केबल आणि संच ५० ओहमचे. खालची जमीन वाईट असेल तर तिचा रोध त्यात मिळतो. समजा १४ मिळाला, तर बेरीज बरोबर ५०. यंत्र म्हणतं, झकास. प्रत्यक्षात शंभरातले अठ्ठावीस वॉट अंगणातली माती तापवत असतात. जास्त तारा टाकल्या की जमिनीचा रोध घटतो, बेरीज ५०पासून सरकते, आकडा जरा बिघडतो आणि आवाज लांब जातो. पन्नास ओहमचा नुसता रोधक जोडला तरी यंत्र एकास एकच दाखवतं. त्यातून आवाज कुठेच जात नाही.

वैशाखातलं आकाश

मराठवाड्यात वीज पडण्याची धास्ती खरी असते. वळवाच्या दिवसांत शेतातली माणसं आणि जनावरं दगावतात. उंच पाइप लावला म्हणजे वीज हमखास तिथेच पडते असं नाही. पण पडली तर तिला घराबाहेरून खाली जायला वाट हवी. कोळसा आणि मिठाचे थर देऊन भरलेला अर्थिंगचा खड्डा अण्णांनी पाइपच्या जवळ घेतला आणि पाइपपासून पट्टी सरळ खाली आणली, वळणं टाळली. घराच्या वायरिंगचं अर्थिंग वेगळं होतं, तेही त्यांनी याला जोडून टाकलं. दोन अर्थिंग वेगवेगळी राहिली तर वीज पडताना त्यांच्यात फार मोठा फरक तयार होतो आणि तो फरक मधल्या संचातून, कधी संचाला हात लावलेल्या माणसातून, वाट काढतो.

इतकं करूनही सरांचा भरवसा साध्या गोष्टीवर आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आजूबाजूच्या विजांची सूचना देतं. ढग दाटले की केबल संचातून काढायची आणि तिचं टोक खिडकीबाहेर. उन्हाळ्यात संच बंद करतानाही हेच. उन्हाळ्याने भेगाळलेल्या मातीत अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी सोडणं हे घरातल्या काकूंच्या तुळशीच्या पाण्याबरोबरच होतं आणि ते त्याच करतात.

मधली पोकळी

टू मीटरची काठी जिल्ह्यापुरती. परसातली उभी तार रात्री हजार-दीड हजार किलोमीटरवर सहज बोलते, कारण तिची लहर क्षितिजालगत निघून वरच्या आयनमंडलावर आपटते आणि लांब उतरते. पण इथून हैदराबाद, पुणे अडीचशे-तीनशे किलोमीटर. एका अँटेनाच्या दृष्टीने ते फार लांब, दुसऱ्याच्या दृष्टीने फार जवळ. वड्याचं भोक वर असल्याने सरळ आकाशात जाऊन जवळ उतरणारी लहर उभ्या तारेतून निघतच नाही. आणि भूकंपाच्या दिवशी ज्या कार्यालयाशी बोलायचं असतं, ते नेमकं याच अंतरावर असतं.

त्यावरचा उपाय बिनदिखाऊ आहे. वीस मीटरची तार दोन झाडांमध्ये आडवी, पाच-सहा मीटरवर. ती शक्ती वर फेकते आणि दिवसा ती आसपासच्या काहीशे किलोमीटरवर पडते. सरांनी ती गुंडाळून खुंटीला टांगली आहे. तिला पाइप लागत नाही, लिंब आणि बोर पुरतात.

संचाखाली बारा व्होल्टची बॅटरी, छतावर सौर पॅनेल. ऐकताना संच एक अँपिअरही घेत नाही. पन्नास वॉटवर बोलताना दहाच्या आसपास घेतो. म्हणून जास्त ऐकावं, कमी बोलावं, हा बॅटरीनेच घालून दिलेला नियम. स्वस्तातले इन्व्हर्टर, एलईडी दिवे, पॅनेलचे चार्जर सात मेगाहर्ट्झवर इतका खरखराट करतात की शेजारची वीज गेली की सरांना ऐकू येऊ लागतं. भारनियमनाने खूश होणारा जिल्ह्यातला हा एकटाच माणूस असावा.

परीक्षा

नुसता संच विकत आणून बोलणं गुन्हा आहे. हॅम होण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा लागते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला तांत्रिक माहिती आणि नियम. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सही. वय बारा पूर्ण. मग हाकखूण मिळते: जनरलला व्हीयू२, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३, पुढे आपली अक्षरं. राजीव गांधींची व्हीयू२आरजी होती. हाकखूण मिळाल्यावरही धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, नोंदवही ठेवायची.

सरकारचा हा सावधपणा जुना आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी हौशी परवाने रद्द केले. तरी ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२मध्ये मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालला. उषा मेहतांचा आवाज आणि नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या हौशी तंत्रज्ञांचे हात त्यामागे होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला.

नात पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार आहे. त्याची सरांना घाई आहे, कारण छतावरचं सगळं नीट झालं तरी गावात बोलू शकणारा माणूस एकच आहे आणि त्याला रक्तदाब आहे. प्रशासनाच्या आपत्ती आराखड्यांत संच, बॅटऱ्या, जनित्रं मोजता येतात. तीन वर्षांनी ताण कुणी आवळला, पाणी शिरलेला जोड कुणी कापला, आठवड्याच्या ठरल्या वेळी कोण हजर झालं, हे मोजायला रकाना नसतो. केंद्र त्यावरच जगतं किंवा मरतं. बाहेरून आलेलं पथक खांब चार तासांत उभारू शकेल; त्याला या गावची कोरडी माती, विजेची तार आणि मधली पोकळी माहीत नसेल.

म्हणून त्यांनी अण्णांच्याही मागे परीक्षेचा लकडा लावला आहे. अण्णांनी दिवसभर टाळलं. चहा घेताना शेवटी म्हणाले, "बासष्टाव्या वर्षी ओहमचा नियम पाठ करू का सर? परवाना तरी किती दिस पुरायचा?"

"आजीवन घेतलात तर ऐंशीपर्यंत."

अण्णांनी बशी खाली ठेवली, हिशेब केला आणि नातीकडून वही मागून घेतली. "मोर्स न्हाई ना त्यात?" एवढं मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं.